बसून राहणाऱ्याची पँट

मास्तरांची बायको मुलीच्या बाळंतपणाला म्हणून गेली ती तिकडचीच झाली. भांडण नाही, तंटा नाही. नातवंड रांगायला लागेपर्यंत राहते म्हणाली. ते रांगलं, चाललं, मग मुलीची नोकरी पुन्हा सुरू झाली, आणि तिचं बस्तान बसतंय न बसतंय तोच दुसऱ्याची चाहूल लागली. दर वेळी बायको फोनवर म्हणायची, "एवढं पार पडलं की निघतेच." मास्तर म्हणायचे, "ये सावकाश. इथं काय अडलंय?"

आणि खरंच काही अडलं नव्हतं. खाली शिंपीकामाचं दुकान, वर राहायची खोली. दुकानात पुढं आरसा आणि कापडाचं कपाट, पडद्यामागं कापायचं टेबल, मशीन आणि इस्त्री. मास्तर फक्त पँट शिवायचे. त्यातही प्लेटची, म्हणजे पुढं चुण्या घातलेली. कमरेखाली दोन-दोन प्लेट, त्यातली पहिली खाली उतरत जाऊन इस्त्रीच्या घडीत अशी मिसळायची की कुठं प्लेट संपली आणि कुठं घडी सुरू झाली ते सांगता येऊ नये. गिऱ्हाईक दिवसभर उठबस करून घरी गेलं तरी प्लेट तोंड मिटून बसलेली. एके काळी लग्नसराईत त्यांच्याकडं नंबर लावावा लागे. पण फॅशन फिरली. लोकांना पायाला उशीच्या खोळीसारख्या चिकटलेल्या पँटी आवडू लागल्या. मास्तरांकडं आता येत ते चेन बदलायला, नाहीतर तयार पँटची लांबी कमी करायला. उभ्या उभ्या काम सांगायचं, उभ्या उभ्या घेऊन जायचं.

संध्याकाळी बायकोचा फोन यायचा.

"जेवलात?"

"जेवणार आता."

"काय केलंय?"

"आहे काहीतरी."

"काहीतरी म्हणजे काय? तब्येत बरी ना?"

"ठणठणीत. तुझं काय?"

तेवढ्यात नातू फोन ओढायचा, "आजोबांना टाटा कर" व्हायचं, मागून कुकरची शिट्टी व्हायची आणि फोन बंद. मग मास्तर ताट न घेता पातेल्यातूनच जेवायचे, ओट्यापाशी उभं राहून. बसून जेवावं असं त्यात काही वाटत नसे. हळूहळू त्यांना कापडाशी बोलायची सवय लागली. "अरे, सरळ पड की जरा," असं एकदा ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की आरशासमोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं घाबरून पाठ ताठ केली.

अशात एके सकाळी एक तरुण बाई पिशवीत पँट घेऊन आली. दातांच्या दवाखान्यात काम करायची, कामावर जाता जाता आली होती. "माझ्या मामांची आहे," ती म्हणाली. "प्लेट उघड्या पडतात. एका शिंप्यानं वरून शिवून टाकल्या, तर बसल्याबरोबर शिवण उसवली."

मास्तरांनी पँट उलटी केली. करडं, चांगल्या लोकरीचं कापड. "पोट सुटलंय का त्यांचं?"

"उलट वाळलेत."

"मग त्यांनाच घेऊन या. उभे राहिल्यावर ताण कुठं येतो ते बघू."

"उभे नाही राहत ते." बाईनं पिशवीची घडी घातली. "चाकाच्या खुर्चीत असतात. पाठीच्या कण्यात गाठ होती. गाठ गेली, आणि पायातलं बळही गेलं."

मास्तर थोडे घुटमळले. "मग ताई, प्लेटची कशाला? इलॅस्टिकची मऊ पँट द्या की. घालायला सोपी, काढायला सोपी."

"मीही हेच म्हणाले. तर मामांनी माझ्याशी अबोला धरला. तुम्हीच येऊन सांगून बघा."

सांगायला म्हणून मास्तर त्याच दुपारी गेले. लिफ्ट असलेली जुनी इमारत, लांबोळकी खोली, खिडकीतून मागच्या गोदामाची भिंत दिसायची. भिंतीकडं पाठ आणि दाराकडं तोंड करून दांडग्या हाडापेराचा एक माणूस खुर्चीत बसला होता. दाढी घोटलेली, शर्टाची सगळी बटणं लावलेली, पायांत पॉलिश केलेले बूट. बुटांचे तळवे कोरे करकरीत होते.

"या मास्तर. मला कर्नल म्हणतात," तो म्हणाला. "घाबरू नका, सैन्याशी माझा काही संबंध नाही. मोठ्या हॉटेलच्या दारात उभा असायचो. खांद्यावर सोनेरी झालर, त्यावरून कुणीतरी कर्नल म्हणायला लागलं. बढती फुकटात मिळाली, मी कशाला नाही म्हणू?"

मास्तर हसले. मग भाचीनं सांगितल्याप्रमाणं इलॅस्टिकचा विषय काढला. कर्नलनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तर, मी उभा असायचो तेव्हा माणसं मान वर करून माझ्याकडं बघायची. आता सगळी खाली बघतात. डॉक्टर, शेजारी, माझी भाचीसुद्धा. आणि खाली बघितल्यावर आधी काय दिसतं? चेहरा नाही. मांडी दिसते. तिथं पँटचा बोळा झालेला दिसला, की पुढं माझ्याशी बोलतात ते त्या बोळ्याशी बोलल्यासारखं."

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला आणि ते जमिनीवर बसले.

बसलेल्या माणसाचं माप त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं. कंबर मोजायची तर पाठीमागून टेप जाईना. शेवटी कर्नलनं त्यांच्या गळ्यात हात टाकला आणि मास्तरांनी त्याला जरासं उचलून धरलं. माणूस चांगलाच जड होता. दोघांच्या छात्या एकमेकींना लागल्या, कर्नलच्या दाढीच्या साबणाचा वास आला. आकडा वाचायचा सोडून मास्तर क्षणभर तसेच राहिले. बायको गेल्यापासून त्यांनी कुणाला असं धरलं नव्हतं, आणि त्यांना कुणी धरलं नव्हतं.

"सापडली का कंबर?" कर्नलनं विचारलं.

"सापडली, सापडली," मास्तर म्हणाले, आणि पुन्हा मोजली.

पहिली पँट त्यांनी आपल्या अंदाजानं शिवली. मागची उंची वाढवली, मांडीला सैल ठेवली, प्लेट नेहमीसारख्या काढल्या. घरी हातात धरून बघितली तर देखणी. कर्नलला घातली, खुर्चीत बसवलं आणि दोन्हीकडच्या प्लेट फाकल्या.

कर्नल खाली बघत म्हणाला, "माझ्या मांडीवर दोन मासे आ करून पडलेत."

मास्तर ओशाळले. पँट काखोटीला मारून परत आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाचं दार अर्धं लोटून घेतलं. तशीच एक पँट कच्च्या दोऱ्यानं टाचून स्वतःच्या अंगात घातली आणि खुर्चीत बसले. उठायचं नाही असं ठरवलं. पाणी लागलं तरी नाही, कात्री लागली तरी नाही. थोड्या वेळानं कुल्ले दुखायला लागले, मग पाठ. दारावरून माणसं जात होती, ती सगळी त्यांना कमरेपासून खाली दिसायला लागली. एक ओळखीचा आत डोकावला, "मास्तर, आज बसूनच?" म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता गेला. मास्तर मांडीकडं बघत बसले.

बघता बघता त्यांच्या लक्षात यायला लागलं. उभ्या माणसाची पँट कमरेतून खाली लोंबते. कापडाच्या वजनानं प्लेट आपोआप मिटते. बसलेल्या माणसाची पँट लोंबतच नाही. ती पडून असते. मांडी पसरते, पोटापाशी नको इतकं कापड गोळा होतं, ते प्लेटला आतून ढकलतं. तेव्हा पुढचं कापड कमी हवं आणि मागचं आणखी वाढवायला हवं. प्लेटनं तोंड आत करायच्या ऐवजी खिशाकडं करायला हवं, म्हणजे मांडी पसरली की प्लेट दबेल, फाकणार नाही. आणि ताण प्लेटवर यायलाच नको. मास्तरांनी खडूनं मांडीवरच खुणा केल्या.

दुसरी पँट शिवताना त्यांना कितीतरी दिवसांनी भूक लागल्याचं कळलं नाही. खिशाचं आतलं कापड त्यांनी लांब घेऊन पुढच्या चेनपर्यंत नेलं आणि तिथं शिवलं, म्हणजे सगळा ओढा त्या आतल्या कापडानं सोसायचा आणि वरची प्लेट निवांत राहायची. प्लेटची घडी कापडाच्या उभ्या धाग्यावर नेमकी धरली. आतून बोटभर पक्की टीप मारली, वरून तिरक्या कच्च्या टाक्यांनी प्लेट मिटवून ठेवल्या. ओलं फडकं टाकून इस्त्री दाबली आणि वाफ निघून जायच्या आत लाकडी ठोकळा ठेवून भार दिला. कापड पुरतं गार झाल्याशिवाय उचललं नाही. गरम कापडाला काहीही पटतं. गार झाल्यावर ते जे धरून ठेवतं तेच खरं. शिवणीत माया भरपूर सोडली, उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावी म्हणून. खिसे पुढं आणि खाली घेतले, बसल्या जागी हात जावा म्हणून. कच्चे टाके मात्र त्यांनी कर्नलच्या खोलीत, पँट घालून झाल्यावर काढले.

शेवटचा टाका निघाला. प्लेट मिटलेल्याच राहिल्या. घडी मांडीवरून सरळ गुडघ्यापर्यंत गेली आणि तिथून खाली बुटावर उतरली.

कर्नलनं खिशात हात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. "खिशात हात घालून बसता येतंय," तो म्हणाला. भाची दाराशी उभी होती, ती आत निघून गेली.

काम झालं होतं. मास्तर घरी आले. पण चार-सहा दिवसांत कर्नलचा फोन आला.

"मास्तर, डावी प्लेट जरा बोलायला लागलीय."

मास्तर धावत गेले. उजेडात बघितलं, बोटानं चाचपलं. त्यांना काही दिसेना. तरी पँट घरी आणली, ओलं फडकं टाकून दाबली आणि परत नेली. "हां, आता कशी," कर्नल म्हणाला. चहा झाला. हॉटेलच्या गोष्टी निघाल्या. एक पाहुणा दर वर्षी यायचा आणि दर वर्षी फिरत्या दारात अडकायचा, कर्नल त्याला दर वर्षी तितक्याच अदबीनं बाहेर काढायचा. मास्तर घरी येताना एकटेच हसत होते.

पुढच्या वेळी उजवी प्लेट. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा डावी, "वाकडी नाही, पण वाकडी होण्याच्या विचारात आहे." तेव्हा मास्तरांना कळून चुकलं. पँटला काहीही झालेलं नव्हतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. पँट घरी न्यायची, टेबलावर पसरायची, तिच्याकडं बघायचं आणि दोन दिवसांनी परत न्यायची. आता जाताना ते शर्टही बदलायला लागले होते.

एकदा चहा पिताना कर्नलनं विचारलं, "वहिनी कधी येतायत?"

"येईल. तिकडं अडलंय तिचं."

"तुम्ही काय सांगता तिला फोनवर?"

"सांगायचं काय? सगळं ठीक आहे म्हणतो."

"आणि आहे?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. त्यांना जरा रागच आला. "तुमची पँट तरी कुठं बिघडलीय, कर्नल?"

गोदामाकडून ट्रकचा मागं येतानाचा आवाज येत राहिला. मग कर्नल हसायला लागला. आधी नाकातून, मग मोठ्यानं, खुर्चीची चाकं हलेपर्यंत. मास्तरही हसले.

"कधी कळलं?"

"मागच्याच्या मागच्या वेळी."

"आणि तरी पँट नेत होता?"

"मलाही दुसरं काय काम होतं?"

कर्नलनं डोळे पुसले. मग त्याचा आवाज खाली आला. "मला करमत नाही, मास्तर. भाची सकाळी जाते ती संध्याकाळी येते. आल्यावर विचारते, मामा, दिवस कसा गेला? मी म्हणतो, झकास. खरं सांगितलं तर पोरगी नोकरी सोडून माझ्याजवळ बसेल. म्हणून मी प्लेटच्या नावानं ओरडतो. प्लेटला कुठं वाईट वाटतंय."

त्यानंतर निमित्ताची गरज उरली नाही. मास्तर एक दिवसाआड दुपारी जायचे. कधी हाताशी काही शिवण घेऊन जायचे, कधी नुसतेच. ऊन उतरलं की खुर्ची ढकलत रस्त्याच्या वळणापर्यंत जायचं आणि यायचं. समोरून येणारी माणसं आधी कर्नलच्या पँटकडं बघतात आणि मग मान वर करून त्याच्या तोंडाकडं, असं कर्नलचं म्हणणं होतं. मास्तरांना तसं दिसत नव्हतं, पण ते हो म्हणायचे.

हे चांगलं चाललं होतं, आणि मग भाचीला दुसऱ्या गावच्या मोठ्या दवाखान्यात जागा मिळाली. घर तळमजल्यावर, पुढं अंगण, बाजूला चार बिऱ्हाडं. मामांच्या दृष्टीनं सोन्यासारखं. तिनं भीत भीत सांगितलं तेव्हा कर्नल म्हणाला, "उत्तम!" हे तोच मास्तरांना सांगत होता, आणि सांगताना पँटच्या घडीवरून बोट फिरवत होता.

जायच्या दिवशी मास्तर सकाळीच गेले. सामान आधीच पुढं गेलं होतं. खोलीत जिथं जिथं काही टेकलेलं होतं तिथं भिंतीवर डाग उरले होते. त्यांनी आणि भाचीनं मिळून कर्नलला गाडीत बसवलं. मास्तरांनी वाकून त्याच्या मांडीवरचं कापड सारखं केलं. तसं करायची गरज नव्हती.

"आता प्लेट उघडली तर?" कर्नलनं विचारलं.

"नाही उघडणार."

"अहो, तोंडदेखलं तरी म्हणा, घेऊन या म्हणून."

"घेऊन या," मास्तर म्हणाले. त्यांनी गाडीचं दार लावलं आणि पुन्हा एकदा म्हटलं, "घेऊन या. बघतो."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. मास्तर पायी परत आले.

दिवस पुन्हा पूर्वीसारखे झाले. पूर्वीपेक्षा वाईट झाले, कारण पूर्वी दुपारचं काही वाटत नव्हतं. आता ऊन उतरायला लागलं की ते नकळत मशीनवरून उठायचे आणि मग उभं कशाला राहिलो म्हणून परत बसायचे. कर्नलचा एकदा फोन आला. अंगणातले लोक बरे आहेत, एक म्हातारा बुद्धिबळात लबाडी करतो, असं म्हणाला. मास्तरांना बरं वाटलं आणि फोन ठेवल्यावर बरं वाटेनासं झालं.

त्याच संध्याकाळी बायकोचा फोन आला.

"जेवलात?"

"नाही."

"का? बरं नाही का?"

"बरा आहे." मास्तर थांबले. पलीकडं नातू काहीतरी बडवत होता. "मला करमत नाही गं."

पलीकडं बायकोनं नातवाला कुणाकडं तरी दिलं, दार लावल्याचा आवाज झाला, आणि बडवणं लांब गेलं.

"आज सांगताय?" ती म्हणाली.

"तू रोज तब्येतच विचारतेस."

"दुसरं काय विचारू? सगळं ठीक, ये सावकाश, इथं काय अडलंय. दर वेळी तेच. मी म्हणते, यांना सवय झाली. आता आपण गेलो काय नि न गेलो काय, यांच्या पायातच यायचं." ती रडत होती की नाही ते मास्तरांना कळेना. "इथं तरी पोरांना मी लागते. म्हणून राहिले."

"मला वाटलं, तुला तिकडं बरं वाटतंय."

"बरं वाटतं की. पण बरं वाटणं वेगळं. इथं दिवसभर मी कुणाची आई, कुणाची आजी. माझ्याशी भांडायलासुद्धा कुणी नाही."

मास्तर त्या दिवशी बराच वेळ बोलले. कर्नलचं सगळं सांगितलं, मासे सांगितले, खोटी डावी प्लेट सांगितली. बायको मध्येच हसली आणि म्हणाली, "आणि हे इतके दिवस पोटात ठेवलंत?"

सगळं काही सुरळीत झालं असं नाही. मुलीला एकदम सोडून येणं बायकोला जमण्यासारखं नव्हतं, आणि दुकान बंद करून तिकडं जाऊन राहणं मास्तरांना जमण्यासारखं नव्हतं. दोघांनी ते फोनवर उलटसुलट करून बघितलं, एकदा त्यावरून चांगले भांडलेही. शेवटी असं ठरलं की जावयाला सुट्टी असेल तेव्हा तिनं यायचं, आणि मंदीच्या दिवसांत मास्तरांनी तिकडं जायचं. मधले महिने ज्याचे त्यानं काढायचे.

सुट्टी लागल्यावर ती आली. पहिला दिवस ओटा घासण्यात आणि मास्तरांना बोलण्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती वर जरा आडवी झाली. मास्तर खाली एका पँटची लांबी कमी करत होते. छतावर पावलं वाजली, पलंगापासून खिडकीपर्यंत आणि मग मोरीकडं. मास्तरांनी मशीन थांबवलं. ती पुन्हा जाणार होती, कधी जाणार तेही ठरलेलं होतं. वर पाण्याचा आवाज झाला आणि बंद झाला. चाकावर हात ठेवून मास्तर ऐकत राहिले.